शेवटची लढाई आधी पाहिली

मी आधी शेवटचा भाग पाहिला. पेपरही मी मागच्या पानापासून वाचतो, त्यामुळं यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. मोबाइलवर दोन पोरं एका पडक्या पुलावर एकमेकांच्या जिवावर उठली होती. पाहून झाल्या झाल्या मी मुलीला फोन लावला आणि मोठ्या जाणकारासारखं सांगितलं, "तो काळ्या कोटातला लय हरामी हाय. बरं झालं, मार खाल्ला."

ती म्हणाली, "पप्पा, ते जिगरी दोस्त आहेत. पहिल्यापासून का नाही बघितलं तुम्ही?"

मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून आमच्या बोलण्यात 'जेवलीस का'च्या पुढं काही उरलं नव्हतं. म्हणून ती ज्यावर जीव टाकते ते जपानी अ‍ॅनिमे आपणही बघावं, असं मी ठरवलं होतं. कार्टून म्हणायचं नाही, म्हटलं की ती फोन ठेवते. बायको सोनपेठच्या दवाखान्यात नर्स, सकाळच्या एसटीनं जाते आणि संध्याकाळी उतरते. मी इथं परभणीत शाळेत कारकून. उन्हाळ्यात शाळा सकाळची. दुपारी बारानंतर घरात मी आणि कूलर, आणि कूलर माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

तर मी पहिल्या भागापासून सुरू केलं. महिना-दीड महिना गेला. यांच्यात एकानं उगारलेली मूठ दुसऱ्याला लागायला दोन भाग जातात. मधल्या वेळात दोघांना लहानपण आठवतं, डोळ्यांत पाणी येतं, वारा सुटतो. आमच्या गावात तेवढ्या वेळात सोडवणारे येऊन, चहा पिऊन परत गेले असते. पण त्या पुलावर सोडवायला कुणीच येत नाही.

आता मला दिसायला लागलं की ही दोघं एका डब्यात जेवत होती, एकमेकांचे डाव एकमेकांना शिकवत होती. पुन्हा शेवटच्या भागाशी आलो, तर मला तो लावता येईना. दोन दुपारी मी नुसता मोबाइल हातात धरून बसलो.

मलाही असा एक दोस्त होता. आम्ही दोघं पेडगावचे. विहारात एकच पेटी होती. एकानं भाता ओढायचा, दुसऱ्यानं पट्ट्या दाबायच्या, असं आम्ही दोघं मिळून एक गाणं शिकलो. तो बोलताना अडखळायचा. शब्द अडकला की मी पुरा करायचो, दुकानात, शाळेत, सगळीकडं. गाताना मात्र त्याचा शब्द कधी अडकला नाही.

पुढं भीमजयंतीच्या मुकाबल्यात आमच्या दोन पार्ट्या झाल्या. एका स्टेजवरून सवाल गायचा, समोरच्या स्टेजवरून जवाब यायचा. लोकांना वाटायचं, हे दोघं आता एकमेकांना खातात का गिळतात. खरं म्हणजे आदल्या दुपारी चिंचेखाली बसून त्याचे जवाब मी लिहायचो आणि माझे तो.

झरीच्या मुकाबल्याला आम्ही सकाळी एकाच मोटारसायकलवर गेलो. तो त्या दिवशी असा काही गायला की लोक माझ्या स्टेजकडं बघेनात. मी हरायलो होतो. तेव्हा वहीत नसलेलं एक कडवं मी तोंडाला येईल तसं गायलो, त्यात त्याचं अडखळणं सुरात घेतलं. ढोलकीवाल्यानं थापही तशीच अडकवली. मांडव हसून लोळला. मग त्याची पाळी आली. पेटीनं तीनदा सूर दिला. त्याला पहिला शब्द फुटेना. त्यानं वही मिटली आणि तो खाली उतरला. शाल-नारळ आम्हाला मिळालं. त्यानंतर तो गायला नाही, आणि आम्ही बोललो नाही. गावात मयत झाली तर मी जायचो, पण तो पुढं असला की मी मागं.

तिसऱ्या दुपारी मी गाडीला किक मारली. पेडगावात त्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. तो पंख्याची कॉइल भरत बसला होता. मान वर करून म्हणाला, "ये." एवढंच.

मी स्टुलावर बसलो आणि बोलत सुटलो. मुलीचं सांगितलं, पूल सांगितला, वारासुद्धा सांगितला. शेवटी म्हणालो, "झरीला माझं लय चुकलं. माफ कर." त्याचा हात तार गुंडाळतच होता. मग तो म्हणाला, "त्या दिशी स... स..."

"सगळे हसले," मी म्हणालो. जुनी सवय.

त्यानं कॉइल खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सावकाश. "त्या दिशी स... सकाळी आपन एका गाडीवर गेलतो. गानी म्हनत. मला तेवढंच ध्यानात हाय. ब... बाकीचं मी ठिवलं न्हाई. तू ठिवलंस. आता त्याचं काय करायचं ते तूच बघ."

तेवढ्यात एक बाई मिक्सर घेऊन आली. तो उठून तिच्याशी बोलायला लागला. जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. थोडा वेळ मी स्टुलावर होतो, मग निघालो. येताना रस्ताभर ऊन होतं आणि गाडीवर मागची सीट रिकामी होती.

संध्याकाळी बायको आली. पाय धुऊन चहा घेऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, त्याचा आवाज काढून, हातवारे करून. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ऐतवारी परत जा. पन तोंड घरी ठिवून जा."