बिस्मिल्लाबीची गल्ली

वलगावात बिस्मिल्लाबी मनियारनीला बायकांची नावं विचारू नका, मनगटं विचारा. सुताराची थोरली सून? दोन-सहा, पण आंगठ्याचं हाड आडवं येतं, तेव्हा साबण लागतो. शाळेतल्या बाई? दोन-चार, आणि हात पुढे करताना डोळे गच्च मिटतात. पोरांना छडी दाखवताना मात्र मिटत नाहीत. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही बांगड्यांची मापं. बाकीचे मनियार आधी बांगडी घालून बघतात, अडली की दुसरी काढतात. हिनं चाळीस वर्षांत असं कधी केलं नाही. हात हातात घेतला, एकदा दाबला, माप कायमचं डोक्यात. आणि हात हातात आला की बाकीचंही कळतंच. कोणाच्या घरी चूल वेगळी झाली, कोणाला दिवस गेलेत, कोण माहेरी जायला निघालंय, सगळं. एका सुनेची बातमी तर तिच्या नवऱ्याच्या आधी बिस्मिल्लाबीकडे होती. ती कोणाला काही सांगायची नाही. फक्त पेटी उचलता उचलता हसायची. मग काय, गावाला तेवढं पुरे.

अशा बाईच्या हातून तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तिथीला घोळ झाला. सोयाबीन त्या वर्षी पावसानं काळं पडलं होतं, लग्नं तरी उरकायचीच होती. चुडा मात्र हातात डझनावरून सातावर आला होता. बिस्मिल्लाबीनं नवरीचा हात दाबला, हिरव्या बांगड्या चढवायला घेतल्या आणि एकामागून एक तीन कडाकडा गेल्या. मांडवातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नवरीची आई पांढरीफटक. घरी येऊन पेटी उघडल्यावर उलगडा झाला. पोरीच्या हातात तिनं पोरीच्या आईचं माप चढवलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वीचं. आई तेव्हा नवरी होती आणि काडीसारखी होती.

त्या दिवसापासून बिस्मिल्लाबी जेवताना मधेच थांबायला लागली. भाजीत मीठ टाकलं की नाही, ते आठवत नसे. सून निखत ब्लाउज शिवते, घरातच मशीन आहे. तिच्या नजरेतून हे सुटतं थोडंच.

"अम्मी, अमरावतीची एक मॅडम हाय. फोनवर म्हाताऱ्यांचा वर्ग घेते. डोकं चालतं राहावं म्हनून कसरत शिकवते."

"डोक्याची कसरत? मंग आता या वयात डोक्यावर उभी राहू का?"

"बसल्या बसल्या करायची. अन् फुकट हाय."

"फुकट हाय तं शिकवनारीले तरी काही येत असन का?"

पण बसली. नवरीच्या आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता ना.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला वर्ग. निखतनं साखरेच्या डब्याला फोन टेकवला, खाली 'निखत टेलर्स' असं नाव झळकलं. पहिल्या दिवशी बावीस लोकांना बिस्मिल्लाबीचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसलं. रूपाली मॅडम गोड. कोणी काहीही केलं तरी "खूप छान!" कोणाला जांभई आली तरी खूप छान. मोर्शीचे पंजाबराव निवृत्त ग्रामसेवक. त्यांना माइक बंद करता येत नसे, म्हणून दोन वर्गांत सगळ्यांना कळलं की डॉक्टरनं बंद केलेली साखर ते सून आंघोळीला गेली की खातात. मॅडम पाच शब्द सांगत, मग गप्पा मारत, मग तेच पाच शब्द परत विचारत. बिस्मिल्लाबीला दोन आठवत. "मले शब्द नको देऊ माय," ती निखतजवळ कुरकुरली, "हात दे. हात मी विसरत नाई." मग तिला तो मांडव आठवला.

तिसऱ्या वर्गात बोटांची कसरत होती. एका हाताचा आंगठा वर, दुसऱ्या हाताची करंगळी वर, मग अदलाबदल. सगळी मंडळी आपापल्या चौकटीत बोटं मोडत बसली. बिस्मिल्लाबीची नजर पडद्यावरून फिरत फिरत खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिथंच राहिली.

त्या चौकटीखाली 'शुभम अकोला' लिहिलेलं होतं. फोन वाकडा ठेवलेला, त्यामुळे चेहरा नव्हताच. हनुवटी, पदर आणि दोन हात. उजवी करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. आंगठ्याच्या नखाशेजारी खाच, वर्षानुवर्षं शेवंती खुडल्यावर पडते तशी. मनगटं मोकळी. आणि वाळून इतकी बारीक झालेली की दोन-सहाचा हात आता दोन-दोनच्या बांगडीत सहज गेला असता.

"निखत," बिस्मिल्लाबी म्हणाली, "हे जमुना हाय."

आता ही जमुना कोण, ते सांगायला हवं. वलगावच्या गल्लीत केशवराव सुताराच्या आणि रामरावाच्या मधलं घर जमुनाचं. नवरा मोतीराम, दीड एकर शेवंती आणि झेंडू. बिस्मिल्लाबीची गल्लीतली फेरी तिथं अडकायची. बांगड्या घालायला पाच मिनिटं लागतात, या दोघींना दुपार लागायची. रामरावाच्या बायकोच्या मते त्या ओट्यावर बसून साऱ्या गावाची उणीदुणी काढत. खरं सांगायचं तर रामरावाच्या बायकोचीच काढत. जमुनानं दिलेली शेवंती बिस्मिल्लाबी पेटीत बांगड्यांवर पसरून न्यायची, म्हणून पुढच्या घरी पेटी उघडली की आधी फुलांचा वास यायचा.

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. मोतीराम शेजाऱ्याच्या कपाशीवर रोजानं फवारणी करायला गेला. दुपारी डोळे चोळत घरी आला, आडवा झाला, तो उठलाच नाही. दहाव्याला जमुनाच्या हातातल्या बांगड्या काढल्या. त्या बिस्मिल्लाबीनंच चढवलेल्या होत्या.

त्यानंतर जे झालं ते मनियारनीच्या रिवाजानं झालं. नवरा गेलेल्या बाईच्या दारात मनियारीन "बांगड्याऽऽ" म्हणून हाक देत नाही. ते जखमेवर बोट ठेवण्यासारखं. बिस्मिल्लाबीची सासू तिला हेच शिकवून गेली होती. केशवरावाचं दार सुटलं की बिस्मिल्लाबी हाक गिळायची, पावलं लांब टाकायची आणि रामरावाच्या दारात पोचली की परत आवाज सोडायची. आज थांबू, उद्या थांबू असं रोज मनात यायचं. पण पेटी डोक्यावर असताना थांबायचं कसं? आणि पेटी घरी ठेवून नुसतं बसायला जावं, हे तिला सुचलंच नाही. चाळीस वर्षांत ती पेटीशिवाय कोणाच्या दारात गेली नव्हती. दीड वर्ष असं गेलं. मग तिच्या मुलानं, शुभमनं, फुलांची शेती विकली, आईला अकोल्याला नेलं आणि घराला कुलूप लागलं. निरोपालाही बिस्मिल्लाबी गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार होती?

आणि आता तेच हात या पडद्यावर आंगठा आणि करंगळी यांत गोंधळत होते.

तेवढ्यात त्या चौकटीत एक तरुण बाई डोकावली, शुभमची बायको. "मॅडम, आईच्या ध्यानात आजकाल मानसं राहत नाईत. कदी मलेच इचारते, तू कोनाची पोरगी?"

"खूप छा..." रूपाली मॅडम म्हणता म्हणता थांबल्या. "काही हरकत नाही. बसू द्या त्यांना."

त्या रात्रीपासून निखतचं एकच टुमणं. "लावा ना फोन. नंबर मी घेतो मॅडमकडून."

"फोन लावून काय म्हनू?"

"म्हना, मी बिस्मिल्ला."

"अन् ते म्हनली तं, कोन बिस्मिल्ला?"

निखतनं मशीन सुरू केलं. बिस्मिल्लाबी मात्र आत जळत राहिली. जमुनाला काही आठवत नसेल, तर ते दीड वर्षही आठवत नसेल. चांगलंच झालं, सुटलो. पण मग शेवंतीही गेली, ओटाही गेला, ती स्वतःही गेली. जमुनाच्या डोक्यात बिस्मिल्ला नावाचं कोणी जिवंत असायला हवं, भले ते कसंही असो. वर्गाच्या दिवशी ती आता पावणेअकरालाच साखरेच्या डब्यापुढे बसू लागली. पाच शब्दांकडे तिचं लक्ष नसायचं. खालच्या कोपऱ्यातल्या हातांकडे असायचं. कधी तिकडे फोन सरळ ठेवलेला असे, तेव्हा चेहरा दिसे. सुकलेला, भला, कोणाचाही नसलेला. बिस्मिल्लाबी हळूच हात वर करी. तिकडून काही नाही.

सातव्या वर्गात मॅडमनं नवी कसरत काढली. "डोळे मिटा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या रस्त्यानं चाला, आणि एकेक घर सांगत जा. निखतताई, तुम्ही सांगता का?"

'निखतताई' म्हणजे बिस्मिल्लाबी, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. निखतनं येऊन माइक चालू केला आणि ती परत मशीनवर गेली. बिस्मिल्लाबीनं डोळे मिटले, आणि काय सांगू! जिला पाच शब्द राहत नव्हते, तिनं अख्खं वलगाव उघडलं.

"बसस्टँडपासून डावीकडे वळलं का खुशालरावाचं घर. त्याची बायको दोन-आठ, लाल रंग चालत नाई, म्हंते अंगावर येते. मंग पिठाची गिरनी. तिथली माय दोन-सहा, हाताले पीठ असते, धुवाले सांगा. मंग केशवराव सुताराचं, दोघी सुना, एक दोन-सहा, एक दोन-चार, दोघीले एकाच वेळी घालाच्या, नाईतर भांडन. मंग रामरावाचं घर..."

"मधातलं?"

आवाज बारीक होता. मॅडमनी पडद्यावर शोधलं. पंजाबरावांचा माइक नेहमीसारखा चालू, पण आवाज त्यांचा नव्हता.

"केशवरावाच्या अन् रामरावाच्या मधात कोन राहते वं?" जमुना बोलत होती. फोनच्या इतकी जवळ आली होती की चौकटीत नुसते डोळे. "भूत राहते का तिथं? आताबी गेली ना तशीच? दीड वर्स तेच केलं तुनं. माहं दार आलं का आवाज बंद अन् पाय मोठेमोठे. हाक गिळली, पन पेटीतल्या बांगड्या वाजत जात त्या मले आइकू येत नवत्या का? मी दाराआड उभी राहो. वाटे, आज थांबन. माहे हात मोकळे झाले तं तोंडबी मेलं होतं का माहं? चहा पेता आला नसता? माल खपत नाई तिथं बसत नाई, असी मैतरीन तू!"

"काकू, खूप छान आठवलं तुम्हाला! पण आपण जरा..." मॅडमनी घाबरून सगळ्यांचे माइक बंद केले.

एक पंजाबरावांचा तेवढा कसा कोण जाणे परत चालू झाला. "बोलू द्या हो मॅडम त्या बाईले!"

बिस्मिल्लाबीचे ओठ हलत होते. आवाज कोणालाच जात नव्हता. पडद्यावर बोट ठेवते तर कुठं ठेवायचं, ते दिसेना. निखत मशीन सोडून धावत आली, आणि नेमकी वर्गाची चाळीस मिनिटं संपली. पडदा काळा झाला.

निखतला वाटलं, आता अम्मी रडणार. ती रडतच होती, पण दात दिसत होते.

"शिव्या खाऊन हसून राहिल्या का?"

"तिनं मले ओयखलं," बिस्मिल्लाबी म्हणाली. "पुरं ओयखलं. काई सोडलं नाई."

निखतनं तेव्हाच मॅडमकडून नंबर घेऊन अकोल्याला फोन केला. शुभमची बायको म्हणाली, फोन वाजला की आई घाबरतात, वर्गातल्यासारखं माणूस समोर दिसलं तरच बोलतात. आणि मघाचं त्यांना आता आठवतही नाही. मग रूपाली मॅडमनीच तोड काढली. शुक्रवारी त्या दहा मिनिटं आधी वर्ग उघडून देणार, दोघींपुरता.

शुक्रवारी बिस्मिल्लाबीनं धुतलेली ओढणी घेतली. पडद्यावर दोनच चौकटी होत्या. जमुनानं तिला पाहिलं आणि पाहुणीला करतात तसा नमस्कार केला.

"तुमी कुठल्या?"

"वलगावची. मी बिस्मिल्ला."

"हो का? वलगावले माहं घर हाय. तुमी पाह्यलं असन."

"मी मनियारीन. तुले बांगड्या घालत होती."

जमुना आपल्या मनगटांकडे बघून ओशाळं हसली. "मी नाई घालत बाई."

"शेवंती देत होती तू मले. ओट्यावर बसून रामरावाच्या बायकोची गंमत करत होतो आपन."

"असन," जमुना म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, समोरच्या बाईला आपण काहीच देऊ शकत नाही याचं. असं भलं वागणं बिस्मिल्लाबीला सोसेना. तिनं निखतकडे पाहिलं. मशीन थांबलं होतं. मग ती फोनकडे वाकली. आयुष्यात कोणाला अशी ओळख करून दिली नव्हती तिनं.

"मी दीड वर्स तुह्या दारावरून न थांबता गेलती ना, ते मी."

जमुनाचं हसू हळूहळू गेलं. भुवया जवळ आल्या. तिनं मान तिरपी केली.

"तू व्हय?"

"मीच."

"मंग आता कायले आली?"

"बसाले आली," बिस्मिल्लाबी म्हणाली. "पेटी नाई आनली."

तिकडे कुठेतरी कुकरची शिटी झाली. मग जमुना मागे सरकली, भिंतीला टेकली, पाय पोटाशी घेतले.

"बस मंग. पन मी तुह्याशी बोलत नाई."

"नको बोलू."

आणि दोघी बसल्या, एक वलगावात, एक अकोल्यात, अकराला बाकीची मंडळी येईपर्यंत.