केपटाउनला भरलेलं पाणी

केपटाउनला लोक डोंगर, समुद्र आणि द्राक्षाचे मळे बघायला जातात. मी लेकीला एक वाक्य म्हणायला गेलो होतो. "माझं चुकलं," एवढंच. दोन शब्द बोलायला समुद्र ओलांडून गेलेला लातूर जिल्ह्यातला मी पहिलाच माणूस असेन, आणि तिथं जाऊनही ते दोन शब्द तोंडातून निघायला अकरा दिवस लागले.

आधी चूक सांगतो. लातूर जिल्हा नवा झाला, उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकमधून आले, तेव्हा ते उतरवून घ्यायला जे नवे कारकून उभे होते त्यांत मी होतो. बऱ्याच गठ्ठ्यांवर 'टंचाई' असं लिहिलेलं होतं आणि मला तीच शाखा मिळाली. कुठल्या गावाला टँकर, कुठली विहीर ताब्यात घ्यायची, कुठल्या बोअरला पाणी लागलं, यातच माझी सगळी नोकरी गेली. दुष्काळ पडला की माझा भाव वाढायचा. सरपंच खुर्ची पुढं करायचे. पाऊस बरा झाला की मला कुणी चहालाही विचारत नसे. खरं म्हणजे ही लाजायची गोष्ट, पण मी ती वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत आलो.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या बऱ्याच आधीच्या एका दुष्काळात लेकीची नांदेडला प्रवेशपरीक्षा होती. बायको माहेरी, कंधारला गेलेली. तिची आई आजारी होती. मला सकाळीच कलेक्टर ऑफिसात बैठक. आणि नेमका त्याच दिवशी आमच्या गल्लीत टँकर येणार होता. मी लेकीला म्हणालो, "पहिली गाडी सोड. टँकर येऊ दे, दोन ड्रम भर आन् दुसऱ्या गाडीनं जा. पेपर तर दुपारी हाय." टँकरचं वेळापत्रक मीच केलेलं, त्यामुळे टँकर वेळेवर येतो असं मानणारा जिल्ह्यात मी एकटाच होतो. टँकर दोन तास उशिरा आला. ती नांदेडला पोचली तेव्हा परीक्षेचं दार बंद झालं होतं. तिचं वर्ष गेलं. संध्याकाळी ती परत येऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी ड्रममध्ये डोकावून म्हणालो, "चला, पाणी तरी मिळालं."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.  पुढच्या वर्षी ती पुण्याला गेली, शिकली, नोकरीला लागली, आणि कंपनीनं तिला केपटाउनला पाठवलं. माझ्याशी नीट वागायची. फोनवर बीपीची गोळी घेतली का ते विचारायची. पण स्वतःची कुठलीही अडचण मला सांगायची नाही. ती सगळी आईला. हे मला फार लागायचं. मी रिटायर झाल्यावर तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं, तेव्हा विमानातच ठरवलं की पहिल्याच दिवशी बोलून मोकळं व्हायचं.

पहिल्या दिवशी गाडीत ती म्हणाली, "अण्णा, इथंही यंदा दुष्काळ आहे बरं का." आणि मला काय वाटावं? मला बरं वाटलं! एवढ्या लांब आल्यावर ओळखीचं कुणी भेटलं म्हणून मी सरसावून बसलो. घरी पोचल्यावर तिनं अंगणातलं पाण्याचं मीटर दाखवलं. पुढच्या भागात घरमालकीणबाई राहतात, दोन्ही घरांना मिळून हे एकच मीटर, त्याला पालिकेनं एक यंत्र बसवलंय, असं काहीबाही ती सांगत होती. मी म्हणालो, "टंचाई मला शिकवायलीस का?" ती आत निघून गेली. मग लगेच क्षमा मागणं बरं दिसेना.

नंतर तिनं आम्हाला सगळं दाखवलं. तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर नेलं. माथा अगदी सपाट, खाली निळा समुद्र, बाजूला कुणी नाही. बोलायला याहून चांगली जागा कुठली? पण मी तिला आपल्या बालाघाटाचा माथाही कसा सपाट असतो ते सांगत बसलो. समुद्रावर गेलो तर तिथं पेंग्विन. बायको म्हणाली, "ह्ये वकील लोक कुठं निघून राहिले?" लेक हसली, वेळ चांगली होती, आणि मी म्हणालो, "एवढं पाणी, पण एक टँकर भरायच्या कामाचं न्हाई." द्राक्षाच्या मळ्यात तर कहरच केला. मुलगी हौसेनं वाइन चाखायला घेऊन गेलेली, आणि मी तिथल्या माणसाला तिच्यामार्फत ठिबकच्या नळ्या कितीला पडल्या हे विचारत वेलींमध्ये वाकून फिरत होतो. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "सांगून राहिले का न्हाई तिला? माझ्यापुढं लई बोलता." मी म्हणालो, "सांगतो की. जरा दम धर." आणि वाइनचे दोन घोट घेतले, द्राक्षाचीच तर आहे म्हणून.

दहाव्या संध्याकाळी लेकीनं टीव्हीवरची बातमी सांगितली. पाऊस असाच दडून राहिला तर शहरातले नळ बंद करावे लागतील, लोकांना रांगेत उभं राहून पाणी न्यावं लागेल. ती सहज म्हणाली आणि झोपायला गेली.

अकराव्या दिवशी सकाळी तोंड धुवायला नळ सोडला, तर धार जोरात. रोजच तशी येत होती. पण बातमी डोक्यात होती, आणि धार दिसल्यावर माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. टब लावला. दोन बादल्या. पातेली, कुकर, चहाची किटली, फुलदाणी. आवाजानं बायको उठली. मला अडवायचं सोडून तिनं कपाटातले डबे काढून पुढं केले, "ह्ये बी भरा." आम्ही दोघं इतक्या एकमतानं त्याआधी कधी काम केलं होतं ते मला आठवत नाही. शेवटचा डबा अर्धा भरला आणि नळ खाकरला, थुंकला आणि बंद पडला.

मला इतका आनंद झाला की मी लेकीला हाक मारून उठवलं. "बघ! गेलं का न्हाई पाणी? भरून ठेवलं म्हणून बरं!"

ती न्हाणीघराच्या दारात उभी राहून टबाकडं बघत राहिली. "अण्णा, पाणी जाणार होतं म्हणून तुम्ही भरलं, असं नाही. तुम्ही भरलं म्हणून ते गेलं." ते यंत्र दोन्ही घरांना मिळून दिवसाचं ठरलेलं पाणी सोडतं, तेवढं संपलं की आपोआप बंद होतं, ते दुसऱ्या दिवशीच सुरू होतं. हेच तिनं पहिल्या दिवशी सांगायला घेतलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. घरमालकीणबाई. सत्तरीच्या, खांद्यावर टॉवेल, आणि पांढऱ्या केसांवर फेसाचा ढीग. फेस हळूहळू कपाळावर उतरत होता. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या गोंधळलेल्या होत्या. लेकीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचं मराठी पुण्यानं बरंच धुऊन काढलेलं, पण पुढचं वाक्य अस्सल आमच्या गल्लीतलं होतं.

"पानी दिसलं की तुमाला समोरचं मानूस दिसत न्हाई, अण्णा."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि विषय संपला असता. बायको खाली बघायला लागली. मी एक बादली उचलली आणि बाईंच्या न्हाणीघरापर्यंत नेऊन ठेवली. बाई केस धुऊन बाहेर येईपर्यंत मी त्यांच्या दिवाणखान्यात उभा होतो, शेजारी दुभाषी म्हणून लेक.

माझं इंग्रजी सगळं अर्जातलं. "मॅडम, आय बेग टु स्टेट," इथपर्यंत आलो आणि पुढचा मायना-मजकूर काही सुचेना. मग मराठीवर आलो.

"सांग त्यांना, माझं चुकलं." लेकीनं सांगितलं. बाई मान हलवून हसल्या.

"सांग, पाणी आलं की मला दुसरं काही सुचत नाही. वाईट खोड आहे." तिनं तेही सांगितलं.

"सांग, घरातल्या माणसाचं काम पाण्याहून मोठं होतं आणि मी ड्रम भरून घेतले." तिनं सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबली. मला कळलं की आता मी थांबलो तर जन्मात बोलणार नाही. मी बाईंकडं बघूनच बोलत राहिलो, कारण तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती. "तिला पहिल्या गाडीनं जाऊ द्यायला पाहिजे होतं. तिचं वर्ष गेलं. ती दारात उभी होती आणि मी ड्रममध्ये बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. मला झोप लागत नाही त्यानं. माझं चुकलं, बाई. सांग त्यांना."

 बाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, वडील काय म्हणतायत?

लेकीनं नाक ओढलं. मग इंग्रजीत त्यांना म्हणाली, "ते तुम्हाला नव्हतं. मला होतं."

तेवढं इंग्रजी मला समजलं.