सारवलेला खड्डा

“मन्ही जमीन वर-खाल बठ्ठी एकच शे!” जमीन वर-खाली सगळी सारखीच, हे चुडामण नानांचं ठरलेलं वाक्य. ते जमिनीपासून सुरू होई आणि नानांच्या सरळ स्वभावाशी येऊन थांबे.

भडगावजवळ गिरणाकाठी त्यांचं शेत होतं. रस्त्याकडचा तुकडा उंच, विहिरीकडचा खोलगट. वरून दोन्ही काळेभोर. छप्पन्न सालात त्यांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, भावाने मोसंबीची कलमं दिली. त्या शेतात मंजुळाबाईंनी जन्मभर निंदणी केली, पण माझं म्हणावं असं एक झाड नव्हतं. कलमं विहिरीकडे लावावीत, असं त्यांच्या मनात. नानांना ती रस्त्याला हवी होती. जाणाऱ्या-येणाऱ्याने विचारायला नको, बाग कोणाची म्हणून?

तेवढ्यात माती तपासणारे साहेब गावात आले. रस्त्याकडे पुरुषभर खड्डा खणून ठेवा, उद्या बघतो, म्हणाले. नाना खूश. “साहेब सांगतीन तठे लावू,” असा शब्द त्यांनी बायकोला देऊन टाकला आणि कुदळ घेतली.

संध्याकाळी मंजुळाबाईंनी पाहिलं, तर नाना विहिरीकडची काळी माती घमेल्यात कालवत होते. त्यांनी विचारलं नाही. नाना कामाला लागलेले दिसले की त्या सहसा विचारत नसत.

सकाळी साहेब खड्ड्यात उतरले आणि बघतच राहिले. चारी भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या, गुळगुळीत.

“नाना, हे काय?”

“पाव्हना येस म्हनीसन सारवं, साहेब.”

“आवं माय!” मंजुळाबाई काठावरून म्हणाल्या. “इतला वरीस घरनी एक भिंत सारवी नही, अन खड्डाले पोतेरा!”

साहेब हसले आणि चाकूने भिंत खरवडू लागले. सारवण गळालं. वर हातभर काळी, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, त्याखाली मुरूम.

“नाना, हे थर कोणी रचलेले नाहीत. खालचा खडक झिजून मुरूम होतो, मुरमाची माती होते. पाला कुजून वरची काळी होते. पाणी मुरताना चुना खाली नेतं आणि तिथे ठेवतं. नुसत्या वरच्या रंगावरून आम्ही जमिनीची जात ठरवत नाही; सगळे थर बघतो. इथे मोसंबीची मुळं चुन्यात गेली की पानं पिवळी पडतील. दुसरा तुकडा आहे का?”

मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला. विहिरीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

नाना खोकले. “विहिरकडे शे ना. मी पयलेपासूनच म्हनत व्हतू.”

“मग तिथेही खणून बघू,” साहेब म्हणाले. नानांनी कलमांची पाटी डोक्यावर घेतली आणि उताराला लागले. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी टाचेने जमीन दोनदा ठोकून पाहिली, जणू ती आत काय काय ठेवते ते आताच विचारून घ्यावं. मग पुढे निघाले. मंजुळाबाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून, पाटीतली हिरवी पानं विहिरीपाशी पोचेपर्यंत, बघत राहिल्या.