थांबा, आता मी येते

डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये रेडिओवर ती धून लागली की सुमनताई सुजलेल्या गालावरचा रुमाल काढून बोट वर करायच्या. "थांबा, आता मी येते!" समोरची इंग्लिश माणसं दचकून मासिकांतून डोकी वर काढायची. मग गजाने वाजवलेल्या दिलरुब्याची ती ओळ यायची, एका श्वासाएवढी. ती सरली की ताई रुमाल परत गालाला लावायच्या. "झालं. आता बाकीचं त्याचं." 'तो' म्हणजे धून रचणारा फ्रेंच संगीतकार. त्याच्या सिनेमांच्या संगीतावर अर्धं जग जीव टाकत होतं. आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून जळायचे. अगदी पोटातून.

सुमनताई मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन लंडनच्या ईलिंगला आल्या, त्या दिलरुबा बरोबर घेऊनच. मी जवळच्या वॉटफर्डची, व्हायोलिनवाली; आमची ओळख तिथल्या मराठी मंडळातली. परीक्षा दिलेली, इंग्रजी नोटेशन घडाघडा वाचणारी, आणि तरीही गावातल्या हौशी ऑर्केस्ट्रात कायम मागच्या रांगेत. ताईंना इंग्रजी नोटेशन म्हणजे तारेवर बसलेले कावळे. "तू वाच बाई, मी वाजवते," म्हणायच्या.

दोन हजार साल उलटून थोडाच काळ झाला होता. लंडनच्या एका स्टुडिओला दिलरुबा वाजवणारं माणूस हवं होतं, आणि फोन आला तो मला. "व्हायोलिन चालेल का?" मी विचारून पाहिलं. नाही चालणार म्हणाले. मग काय, ताईंना घेऊन निघाले. स्टुडिओने पाठवलेली त्यांची ओळ मी आदल्या रात्रीच सरगममध्ये उतरवून ठेवली होती, ट्रेनमध्ये ती त्यांच्याकडून घोकून घेतली. वाद्यही मीच सांभाळलं.

स्टुडिओत काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ताई. एका सुरावरून सरळ दुसऱ्या सुरावर जायचं, एवढंच लिहिलं होतं. पण या बाई मधल्या प्रत्येक सुराला कुरवाळत, घसरत घसरत गेल्या. चांगली लांबलचक मींड घेतली! मी कपाळावर हात मारला. एवढ्यात तो फ्रेंच माणूस धावतच आत गेला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "परत. तीच चूक परत, प्लीज."

"चूक कसली मेल्या?" ताई मराठीत कडाडल्या. "सूर म्हणजे काय जिन्याच्या पायऱ्या आहेत, एकीवरून दुसरीवर उडी मारायला? निर्मला, सांग गं त्याला!"

"त्या थँक यू म्हणतायत," मी सांगितलं.

सिनेमा गाजला आणि ती धून त्याहून गाजली. बक्षिसं त्याला मिळाली. पडद्यावरच्या नावांत सुमनताईंचं नाव कुठेच नव्हतं, आणि खरं सांगते, मला गारगार वाटलं. ताईंना मात्र त्याचं काही नाही! "नाव त्याचं असू दे की. लोक रडतात ते माझ्या मिंडेला." मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्याभोवती कोंडाळं जमायचं. मग त्या मला हात धरून पुढे ओढायच्या. "ही आमची निर्मला. ही होती म्हणून मी पोचले हो! हिला ट्रेन फार छान कळतात."

ट्रेन! एवढी वर्षं व्हायोलिन घासलं, ती ओळ सरगममध्ये उतरवून दिली, आणि माझ्या वाट्याला काय, तर ट्रेन. घरी येऊन मी ती मींड वाजवून बघायचे. सूर चोख लागायचे. रडू मात्र कुणाला यायचं नाही, मलासुद्धा.

पुढे एका हिवाळ्यात सुमनताई गेल्या. निरोपाला आम्ही मोजकी माणसं होतो. वसंतात तो संगीतकार गेला आणि पेपरांची पानंच्या पानं भरली. त्याच्या आठवणीसाठी लंडनला मोठी मैफल झाली. मी तिकीट काढून गेले. का, ते विचारू नका.

ती धून सुरू झाली. दिलरुबा नव्हताच, एक तरुण व्हायोलिनवाली ती मींड घेत होती. बरी घेतली. शेजारचे म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "काय ती घसरण! हे फक्त त्यालाच सुचावं."

माझं डोकंच फिरलं. सुमनताईंवर जळायचा हक्क माझा, मी तो वर्षानुवर्षं बजावलेला. पण त्यांच्या वाटणीचं कौतुक हा परका माणूस परस्पर दुसऱ्याच्या पदरात टाकतो म्हणजे काय?

"त्याला नाही सुचलं ते," मी जरा मोठ्यानेच म्हणाले. पुढची रांग वळली. "ते सुमनताईंचं आहे. ईलिंगच्या. त्याने सरळ लिहिलं होतं, ताईंनी असं वाजवलं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी होते तिथे."

"अरे वा! म्हणजे तुम्हीही वाजवलंत?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. ती सरगम, ते घोकून घेणं, सगळं जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांना ट्रेनने घेऊन गेले होते."