बसून घेतलेलं माप

तिला सगळे मास्तर म्हणतात. शिंपीकामात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि इथे कात्री तिच्याच हातात असते. वीस वर्षं तिने कारखान्यात सैनिकांची चिलखती जाकिटं बेतली. आता बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं स्वतःचं दुकान आहे. शर्टाच्या आत घालायची, गोळी अडवणारी जाकिटं ती तिथे शिवते. गिऱ्हाइकं म्हणजे सराफ, वकील, अंगरक्षक.

मी तिच्या भाचीची मैत्रीण. साहित्याची पदवी पदरात होती, काम नव्हतं. जाकिटासोबत द्यायचं माहितीपत्रक लिहायला मास्तरने मला बोलावलं. मी पहिलंच वाक्य लिहिलं, 'संपूर्ण संरक्षणाची हमी'. तिने चष्मा पुसून ते वाचलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वाचायला बरं वाटतं."

"खोड. लिही, पिस्तुलाची गोळी थांबते, रायफलची थांबत नाही. रायफलसाठी कडक प्लेट घालावी लागते. मग ते शर्टाखाली लपत नाही."

"असं वाचून कोण विकत घेईल?"

"ज्याला जगायचंय तो."

मी खोडलं.

भाची बँकांची रोकड नेणारी गाडी चालवते. तिच्या कंपनीने सगळ्या ड्रायव्हरांना एकाच मापाची जाकिटं दिली होती. गाडीत बसलं की जाकीट वर सरकायचं आणि त्याची कड हनुवटीखाली रुतायची. मग सगळे ते काढून सीटमागे टांगायचे. त्याच सुमारास कंपनीच्या एका गाडीवर कोणी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ड्रायव्हरच्या बरगडीत गोळी शिरली. जाकीट मागे लटकत होतं. तो वाचला, पण इस्पितळात पडून होता.

तरी भाची ऐकेना. "मावशी, तूच घालून बघ दिवसभर. मान वळत नाही. रस्ता बघू की देवाचं नाव घेऊ?"

मास्तरने आपल्याकडचं देऊ केलं. पण कंपनीने दिलेलंच वापरायचं, असा नियम होता.

मग कंपनीचे खरेदीसाहेब स्वतःच दुकानात आले. भाचीनेच त्यांना गाडीतून आणलं होतं.

"या वेळी फौजेतलं द्या, मास्तर. प्लेटसकट. सगळ्यांना एकच मोठं माप."

"सैनिक ते गणवेशावर घालतो, साहेब. त्याला लपवायचं नसतं, आणि समोर रायफल आहे हे त्याला ठाऊक असतं. तुमची माणसं आठ तास बसून असतात."

"जितकं जाड तितकं चांगलं. यात विचार कसला करायचा?"

मास्तरने वाद घातला नाही. कपाटातून तसलंच एक जाकीट काढून साहेबांच्या अंगावर चढवलं, पट्टे आवळले. साहेबांनी आरशात पाहून छाती फुगवली.

"आता गाडीत बसा," ती म्हणाली, "आणि डावीकडे वळवून दाखवा."

साहेब ड्रायव्हरच्या जागी बसले. खालची कड मांड्यांवर टेकली, वरची गळ्यात गेली. स्टिअरिंगपर्यंत हात पोचले, पण फिरेनात.

"आरसा बघा, साहेब," भाची म्हणाली.

"मान वळत नाहीये."

"सवय होईल. आम्ही तक्रार केली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात."

"अगं, साहेब आहेत ते," मास्तर म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना.

उतरताना साहेब दारात अडकले. दोघींनी ओढून काढलं. त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं. मास्तरने ते तिथेच लावून दिलं.

"मग घ्यायचं काय?" त्यांनी विचारलं.

"आधी माणसं पाठवा."

तेरा ड्रायव्हर आले. मास्तरने कोणाचंच माप उभं करून घेतलं नाही. दुकानाच्या मधोमध खुर्ची ठेवली, हात स्टिअरिंगवर असल्यासारखे पुढे धरायला लावले. वरची कड गळ्याच्या खळगीखाली दोन बोटं. खालची कमरपट्ट्याच्या वर. बगलेत पुढचा भाग मागच्यावर चढलेला. मी कोपऱ्यात बसून आकडे लिहीत होते. चार वर्षं मी नेमकेपणावर निबंध लिहिले होते. तो प्रत्यक्ष पाहिला तो त्या दिवशी.

भाचीचं माप घेणं वेगळं होतं. तिला मास्तरने तीनदा बसवलं.

"मावशी, मी काय फोटो काढायला आलेय?"

"हात वर कर. बोलू नकोस."

तिसऱ्यांदा टेप धरून मास्तरने आकडा दोनदा वाचला. तिने आकडा मला सांगितला नाही. स्वतः लिहिला.

नवी जाकिटं मिळाली त्या दिवशी भाची ड्यूटी संपवून दुकानात आली. दोन ग्लास पाणी प्यायली. रस्त्यावरच्या खोदकामाला शिव्या दिल्या. स्टुलावर पाय वर घेऊन बसली. मास्तर कापडावर खडूने रेघा ओढत राहिली. शेवटी मीच विचारलं, "जाकीट कुठे टांगलंस?"

भाचीने दारामागच्या खुंटीकडे पाहिलं. मग छातीवर हात नेला. "अंगावरच आहे की."

मास्तर उठली. "काढ. बगलेतली टीप बघते."

टीप सरळ होती, हे मलाही दिसत होतं. मास्तर दिव्याखाली ती बराच वेळ बघत राहिली. आम्ही दोघींनी तिला घाई केली नाही.