बोंबलाचा वास लागलेलं पुस्तक

सातपाटीच्या मावशीकडून घेतलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी उघडली, की किनाऱ्यावरची एक शाळा आठवते आणि डोकं तापतं. गोष्टींची नवी पुस्तकं मोठ्या सरांनी काचेच्या कपाटात कुलपात ठेवली होती, तपासणीला कोरी दिसावीत म्हणून. मी भांडून एक काढलं आणि तिसरीतल्या मुलीला दिलं. वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकता हाकता तिने ते दोनदा वाचलं. परत आणलं, तेव्हा पानापानाला बोंबलाचा वास. सर नाक धरून म्हणाले, “बघा बाई, म्हणून मी देत नाही!” आणि किल्ली खिशात टाकली. दारातून पोरीने मला विचारलं, “बाई, दुसरं हाय?” काचेआड पुस्तकं गच्च भरलेली तिलाही दिसत होती. “नाही गं,” मी म्हटलं. सरांवरचा राग कधीच निवळला. त्या उत्तराचा अजून निवळत नाही.