उसने डोळे

आमगावात कोणी मेलं की पहिला निरोप ईश्वरदास शहारेला जाई, नातेवाइकांना मागाहून. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. नातेवाईक गाडीनं यायचे, त्यांची वाट पाहता येई. ईश्वरदासला मात्र चेहरा बदलायच्या आत पोचावं लागे.

तो स्टेशन रोडवरचा फोटोग्राफर. लग्नं, बारशी, शाळेच्या फॉर्मावरचे फोटो, सगळं करायचा. पण गावाचा जीव त्याच्यावर जडला तो या दुसऱ्या कामामुळे. १९९९-२००० च्या सुमाराला धानाच्या बांधीत, भातशेतात, राबून जन्म काढलेल्या कितीतरी माणसांचा उभ्या आयुष्यात एकही फोटो निघालेला नसे. माणूस गेल्यावर घरच्यांच्या ध्यानात येई, की भिंतीवर लावायला काहीच नाही. मग मेलेल्याला खुर्चीत बसवायचं, मागून कोणीतरी मान धरायची, आणि ईश्वरदास कॅमेरा डोळ्याला लावून, नवरदेवाला सांगावं तसं म्हणे, "जरा इकडं पाहा जी. हां, बस." जमलेल्यांच्या अंगावर काटा येई. एकदा कोणी टोकलं, तर म्हणाला, "मेला म्हनून का बिनाविचारता फोटो काढाचा?"

आठ दिवसांनी तो फ्रेम घेऊन त्या घरी जाई, आणि फ्रेममधल्या माणसाचे डोळे उघडे असत. ते कसे उघडले हे कोणी विचारलं नाही. ब्रशनं रंगवत असेल, असं सगळे धरून चालले. रंगीत फोटो तो धुवायला गोंदियाला पाठवी. हे फोटो मात्र काळेपांढरे, लाल बल्ब लावून, दुकानामागच्या खोलीत स्वतः करी, आणि त्यांचं काही घेत नसे. बायका त्याला काकाजी म्हणत; सांगत, काकाजीच्या हातचा फोटो ओळख देतो. घरात कुठंही जा, मागं मागं पाहतो.

ते खरंच होतं, आणि त्याच्या मुलीइतकं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दीप्ती लहानपणी मैत्रिणीकडे, चुन्नीलालच्या घरी, खेळायला गेली होती. तिथं डब्यातला गुळाचा खडा तिनं उचलला आणि सहज वर पाहिलं. चुन्नीलालची मेलेली आई भिंतीवरून तिच्याकडे पाहत होती. रागानं नाही. गणितात कमी मार्क पडल्यावर बाबा पाहायचे, अगदी तशी. दीप्तीनं गूळ डब्यात ठेवला आणि घर गाठलं. पुढे कुठल्याच घरात तिला खोटं बोलणं जमलं नाही. त्याचं श्रेय ती बिचारी शाळेला देत राहिली.

२०१२च्या उन्हाळ्यात ईश्वरदास गेला. दुपारी दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या मान खाली गेली, इतकंच. अख्खं गाव लोटलं. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा, बौद्ध रीतीनं श्रद्धांजलीचा, कार्यक्रम ठरला, आणि दीप्तीची आई अल्का म्हणाली, "बाबाचा फोटो काढून ठेव वो."

फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावातल्या हजार लग्नांत तो होता, पण कॅमेऱ्याच्या मागं. स्वतःच्या लग्नात फोटो निघाला नाही, कारण फोटोग्राफरच बोहल्यावर. निवडणुकीच्या ओळखपत्रावर नुसता काळा डाग. निगेटिव्ह गेल्या पावसाळ्यात छत गळून एकमेकांना चिकटल्या होत्या. आणि बापाला मृत्यूनंतर खुर्चीत बसवून कॅमेरा उचलायचा धीर दीप्तीला झाला नव्हता. आता त्याचीच खंत तिला खात होती.

सहाव्या दिवशी सकाळी तिला लाल बल्बाच्या खोलीत बिस्किटाचा डबा सापडला. आत काळ्या कागदात गुंडाळलेले फोटो होते, चाळीसेक. सगळे बाबांचे. तेच स्टूल, तोच पडदा, केस मात्र फोटोगणिक पिकत गेलेले. तिचा जीव हरखला. आणि मग तिनं वरचा फोटो उजेडात धरला. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. ब्लेडनं सफाईनं कापलेली. भोकांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

दुसऱ्याला भोकं. तिसऱ्याला भोकं. सगळ्यांनाच. मागं पेन्सिलीनं नावं: चुन्नीलालची आई. बकाराम. अनुसयाबाईचा रोशन, २००१.

दीप्ती तिथंच खाली बसली. हळूहळू तिला सगळं कळलं. मेलेल्याचे मिटलेले डोळे बाबांना रंगवून उघडता येत नव्हते. डोळे जिवंत माणसाचेच लागत. दुसऱ्याचे न विचारता कसे घ्यायचे, म्हणून ते स्वतः स्टुलावर बसत. म्हातारीसाठी म्हातारीसारखं पाहत, पोरासाठी पोरासारखं. ते डोळे कापून मेलेल्याच्या फोटोवर चिकटवत, कडा ब्रशनं मिळवत आणि त्याचा पुन्हा फोटो काढत. बाबा चाळीस घरांतून गावाकडे पाहत होते. फक्त स्वतःच्या घरी नव्हते.

चेहरा होता, डोळे नव्हते. डोळे आणायचे तर त्या घरांतूनच. कॉम्प्युटरवर ते बसवणं तिला येत होतं. ती चुन्नीलालकडे गेली. म्हातारीच्या फोटोत ओल शिरून एक डोळा पांढरा पडला होता. उरलेल्या डोळ्यानं तिनं दीप्तीला दारापर्यंत पोचवलं. बकारामचा फोटो हारांच्या डागांनी गेलेला. तिथंही डागांआडून तेच डोळे, खोल गेलेले, वाट पाहणारे. दीप्तीला रस्त्यानं चालताना घराघराच्या भिंतींची भीती वाटायला लागली. आपल्याच बापाची भीती, ही काय तऱ्हा!

बाकीच्या घरांतल्या फोटोंचीही तीच गत. राहिली अनुसयाबाई. ती धानाच्या रोवणीची मजुरी करणारी बाई. तिचा एकुलता रोशन एकोणीस वर्षांचा असताना मेंदूच्या मलेरियानं गेला. अकरा वर्षं ती रोज पदरानं तो फोटो पुसत, त्याच्याशी बोलत होती. काच लख्ख होती. आतून रोशन पाहत होता, बाबांच्या डोळ्यांनी.

दीप्ती दारातच घोटाळली. खरं सांगितलं तर ही बाई अकरा वर्षं कोणाशी बोलत होती? आणि न सांगता डोळे न्यायचे कसे?

"मावशी, हा फोटो जरा दुकानात न्यायचा होता."

"कायले?"

"बाबाच्या फोटोतले डोळे गेले. उद्या कार्यक्रम आहे. कोणाचे तरी डोळे बसवावे लागतात."

आयुष्यात पहिल्यांदा ती परक्या घरात अर्धंमुर्धं बोलली, आणि तेही त्याच डोळ्यांसमोर. अनुसयाबाई तिच्याकडे पाहत राहिली.

"म्हंजे माह्या रोशनचे डोरे नेतेस म्हंतेस?"

अनुसयाबाईनं फ्रेम उतरवली, मांडीवर घेतली आणि फोटोलाच विचारलं, "काहो बापू, देशीन का काकाजीले?"

मग ती थांबली. उत्तर ऐकायला माणूस थांबतो तशी. बाहेर कोंबडी ओरडायची बंद झाली. दीप्तीही नकळत फोटोकडे पाहायला लागली, कारण तिलाही उत्तर हवं होतं, आणि ते बाबांच्या नजरेतून येणार होतं.

"देतो म्हनते," अनुसयाबाई म्हणाली. "पर मी संग येतो. त्याले एकटा सोडत नाही."

दुकानात ती दीप्तीला खेटून बसली. दीप्तीनं फोटो स्कॅन केला, डोळे उचलले आणि मागं रोशनचं नाव असलेल्या बापाच्या फोटोतल्या भोकांत ठेवले. कडा जुळवायचीही गरज पडली नाही. ते आपसूक बसले. स्टुलावर बसलेले बाबा कॉम्प्युटरच्या पडद्यावरून वर पाहायला लागले.

"कसे शोभून राहिले पाह्य," अनुसयाबाई कौतुकानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंडपात त्रिशरण-पंचशील झालं, लोक फुलं वाहून गेले. अनुसयाबाई फोटोसमोर उभी राहिली ती हलेचना. "रोशन, भेव नोको. इथं सारे आपलेच हायेत," ती हळू म्हणाली. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. दीप्तीच्या ओठावर आलं होतं, की ते माझ्या बाबांचे आहेत, पहिल्यापासून त्यांचेच आहेत. तिनं ते गिळलं. सात दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता फोटो मिळाला होता, आणि त्यातल्या नजरेला बाबा म्हणून हाक मारायचा हक्क तिनं आपल्या हातानं देऊन टाकला होता. ती फोटोसमोर मान खाली घालून मुकी उभी राहिली.

अनुसयाबाईनं तिचा दंड धरला.

"काऊन बोलत नाही वो? डोरे माह्या पोराचे असले त का झालं? कान त तुह्या बापाचेच हायेत ना? बोल. थो आयकून राहिला."